परीक्षकाचा चष्मा

शिवलीला बिराजदारची वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत एकोणीस दिवसांवर आली होती. त्या रविवारी दुपारी सरावाचा अहवाल पडद्यावर उमटला, तेव्हा सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक ओळ जास्तीची होती.

'परीक्षकाचा चष्मा नादुरुस्त. वापर थांबवून तपासून घ्यावा.'

"आई, तुझा चष्मा बिघडलाय म्हणे," ती म्हणाली.

तिची आई स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे बसली होती. सुवर्णा सिस्टर म्हणून सगळं गाव तिला ओळखायचं. लातूरपासून तासाभरावरच्या त्या तालुक्याच्या गावात निम्म्या पोरांना पहिली लस तिनंच टोचलेली. सुट्टीच्या दिवशी मात्र ती 'परीक्षक मॅडम' व्हायची. केस घट्ट बांधायची, मुलाखतीच्या क्लासनं दिलेला जाड काड्यांचा चष्मा लावायची आणि कार्डावरचे प्रश्न वाचायची. ते वाचताना ती इतका कडक चेहरा करायची की शिवलीलाला हसू आवरायचं नाही.

"मी नाही हां पाडला," सुवर्णाबाई घाईनं म्हणाल्या. "डबीतनं काढला, घातला. बघ की."

"तुला कुठं म्हणाले मी पाडला म्हणून? उद्या सरांना दाखवते."

मुलाखत सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी डॉक्टर होणं लेखी परीक्षेवर ठरायचं. पण रिपोर्ट वाचणं, निदान करणं, औषधाची मात्रा ठरवणं ही कामं यंत्रं माणसापेक्षा बरी करू लागली, आणि डॉक्टरकडे मुख्य काम उरलं ते घाबरलेल्या माणसासमोर बसून त्याच्याशी बोलण्याचं. तेव्हा सरकारनं ठरवलं की आधी मुलं समोर बसवून पाहायची. शंभर गुणांची मुलाखत. त्यातले तीस गुण नजरचष्म्याचे.

माणसाचा डोळा सरकत नाही, उड्या मारतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी, सेकंदाला दोन-तीन वेळा. प्रत्येक उडीच्या आधी मेंदू ठरवतो, उडायचं की थांबायचं, आणि या ठरवण्याला साधारण दोनशे सहस्रांश सेकंद लागतात. नजरचष्मा हा काळ मोजायचा. तुम्ही उत्तर देत असताना काचेच्या कडेला एक ठिपका लुकलुकायचा. संयमी माणूस त्याच्याकडे बघायचा नाही, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचा. उतावळ्याची, खोटं बोलणाऱ्याची, कंटाळलेल्याची नजर ठिपक्याकडे पळायची. दोन माणसांच्या नजरा एकमेकींना कशा भेटतात हे कळावं म्हणून परीक्षकालाही चष्मा असायचा. म्हणून क्लासनं प्रत्येक घरी दोन दिले होते.

हा क्लास लातुरात गिरवलकर सर चालवायचे. सोमवारी सरांनी तो चष्मा यंत्राखाली धरला, दोन्ही काचा तपासल्या, स्वतः घालून बघितला.

"याला धाड नाही भरलेली. ठणठणीत आहे." त्यांनी आलेख मोठा केला. "पण इथं बघ. ही उडी बघ. तीनशे नव्वद. ही चारशे दहा. आणि वेग बघ, निम्मासुद्धा नाही. माणसाचा डोळा असा हलत नाही, म्हणून यंत्राला वाटलं चष्मा खराब. कोण घालतं हा?"

"आई."

"चष्मे बदलून बघा एकदा. तू तिचा घाल, तिला तुझा दे."

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मे बदलले. सुवर्णाबाईंनी पाच प्रश्न विचारले. सहावा विचारण्याआधी अहवाल आला.

'परीक्षकाचा चष्मा नादुरुस्त.'

शिवलीलानं दोन्ही चष्म्यांचे क्रमांक दोनदा ताडून पाहिले. मग अप्पांना हाक मारली. तिचे वडील शाळेची बस चालवायचे, नुकतेच घरी येऊन पाय धूत होते. ते ओल्या पायांनी आत आले. तिनं त्यांना चष्मा घातला आणि आईचेच प्रश्न त्यांच्याकडून वाचून घेतले. एकशे अठ्ठ्याण्णव. काहीही बिघाड नाही.

"झालं का माझं? पास का?" अप्पांनी विचारलं.

"पास," ती म्हणाली.

ओट्याशी उभ्या असलेल्या आईनं मागं वळून बघितलं. आधी मान हलली, हिसका बसल्यासारखी, डोळे क्षणभर मिटले, आणि मग नजर शिवलीलावर आली. ही तिची लकब होती. कितीतरी दिवसांची. शिवलीला मैत्रिणींना तिची नक्कल करून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली नाही. घरीच बसून वाचत राहिली. नजर उशिरा उडणे. उडीचा वेग कमी होणे. बघण्यासाठी मान हलवावी लागणे. वस्तू हातातून सुटणे. बोटं आपोआप हलणे. चिडचिड. प्रत्येक शोधाच्या शेवटी एकच नाव येत होतं. हंटिंग्टन.

हा आजार रक्तातून येतो. आपल्या पेशींतल्या एका जनुकात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. बहुतेकांत ती वीस-पंचवीस वेळा येतात. काही घराण्यांत चाळीसच्या पुढे जातात. मग त्या जनुकापासून बनणारं प्रथिन वेडंवाकडं बनतं आणि मेंदूच्या खोल भागात, हालचालींना लगाम घालणाऱ्या पेशींत, साठत जातं. पेशी मरतात. चाळिशीच्या आसपास हातपाय आपल्या मनानं नाचू लागतात, मग बोलणं जातं, मग माणूस जातो. आईला किंवा वडलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी.

निम्मी हा शब्द तिनं तीन वेळा वाचला.

मग तिला आईचे वडील आठवले. तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या गावात त्यांना 'झिंगे मास्तर' म्हणत, एवढंच तिला माहीत होतं. ते दारू प्यायचे, झोकांड्या खात शाळेत जायचे, म्हणून त्यांची नोकरी गेली. आईनं मात्र एकदा, कुणाच्यातरी लग्नात कुणीतरी हे नाव काढलं तेव्हा, ताट बाजूला सारून सांगितलं होतं, "माझ्या वडलांनी आयुष्यात थेंब घेतला नाही."

शिवलीला उठली आणि चालत रुग्णालयात गेली.

आई वॉर्डात नव्हती. "सिस्टर औषधाच्या स्टोअरला असतात आता," आयानं सांगितलं. "वरीस झालं की. स्वतःच अर्ज दिला."

सुवर्णाबाई स्टोअरमध्ये खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. लेकीला दारात पाहून त्यांनी काम थांबवलं. मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलत होती, पेटी वाजवल्यासारखी. त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला.

"वॉर्ड का सोडलास?" शिवलीलानं विचारलं.

"पाय दुखतात. उभं राहवत नाही."

"आई."

सुवर्णाबाईंनी आत येऊन बस अशी खूण केली. दार लोटलं. मग म्हणाल्या, "सुई टोचताना हात हलला एकदा. लहान लेकरू होतं. काही झालं नाही त्याला. पण त्या दिवशी अर्ज लिहिला."

"तुला माहीत आहे."

"वडलांचं मी केलंय गं सगळं. शेवटची चार वर्षं. मला नाही कळणार तर कुणाला?"

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

"तपासलंस?"

"नाही."

शिवलीलानं सकाळीच आणखी एक गोष्ट वाचली होती. तीन वर्षांपूर्वी या आजारावर इंजेक्शन आलं होतं. दर चार महिन्यांनी पाठीच्या कण्यातून द्यायचं. ते प्रथिन बनवण्याचा निरोप वाटेतच अडवतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण ज्या जिवंत आहेत त्या राहतात. ज्याचं जितकं शाबूत, त्याला तितका फायदा. सोलापुरात मिळत होतं.

"इंजेक्शनचं ठाऊक होतं तुला?"

आईनं पुढचं खोकं ओढून त्यावर चिठ्ठी लावली.

"तीन वर्षं, आई! तीन वर्षं तू..." तिचा आवाज चढला. बाहेर कुणीतरी थबकलं.

"हळू बोल." सुवर्णाबाईंचा आवाज परीक्षक मॅडमपेक्षाही कोरडा झाला. "तुझा अर्ज काढून बघ. चौदावा रकाना. आई-वडलांपैकी कुणाला मेंदूचा आनुवंशिक आजार आहे का? 'आहे' लिहिलं की फाइल जाते पात्रता समितीकडे. दोन वर्षांत समितीकडे गेलेल्या एकाही लेकराला त्या साली जागा मिळालेली नाही. मी चौकशी केलीय. रक्त तपासलं की रिपोर्ट आपोआप आरोग्यखात्यावर चढतो, आणि खातं कुटुंबाला जोडलेलं. म्हणून तपासलं नाही. मला ठाऊक नाही, म्हणजे तुलाही ठाऊक नाही. तू बिनघोर 'नाही'वर खूण केली असतीस, आणि ते खोटं झालं नसतं." त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उगाचच सरळ केला. "सतरा दिवस राहिले होते गं फक्त."

घरी येताना शिवलीला रस्त्याच्या कडेकडेनं चालत होती. आपण आईवर ओरडलो ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे तिला कळेना. पाय लटपटत होते. ते का लटपटताहेत, हा विचार आला आणि ती जागीच उभी राहिली. किती तरी वेळ तिला पुढचं पाऊल टाकवेना.

त्या दिवसापासून ती सकाळी उठली की आधी चष्मा घालायची. जुने अहवाल पाहिले, तेव्हा महिन्याची सरासरी एकशे शहाण्णव निघाली होती. आता दोनशे चौदा. मग दोनशे एकवीस. मग दोनशे छत्तीस. ती आरशासमोर उभी राहून दोन्ही हात पुढे धरायची आणि बोटांकडे बघत राहायची. बघता बघता बोटं हलायचीच. कुणाचीही हलतील, ती स्वतःला समजवायची. वरणाची वाटी ओट्यावर ठेवताना सांडली तर काळजात धस्स व्हायचं. नाव आठवलं नाही, जिन्यात ठेच लागली, वाक्य बोलता बोलता अडलं, की लगेच मनात मोजदाद सुरू. आईसमोर ती हे काहीच करायची नाही. आई तिच्यासमोर हात पदराखाली ठेवायची. जेवताना दोघी एकमेकींकडे चोरून बघायच्या आणि नजरानजर झाली की काहीतरी भाजीबद्दल बोलायच्या.

"तुझं वाढत चाललंय," गिरवलकर सर एके दिवशी म्हणाले. "काय झालंय?"

तिनं चौदाव्या रकान्याबद्दल विचारलं. कुणाचं नाव घेतलं नाही. सरांनी पडद्यावर तिच्या घरचे परीक्षकाचे सगळे आलेख उघडले, आणि एकेक करून पुसून टाकले.

"निदान झालेलं नाही म्हणजे आजार नाही. कायद्यानं नाही. 'नाही'वर खूण कर आणि विसरून जा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आणि हे दोनशे छत्तीस म्हणजे भीती आहे, दुसरं काही नाही. घाबरलेल्या माणसाची नजर अशीच अडखळते."

"नक्की, सर?"

"मी क्लासवाला आहे, शिवलीला. डॉक्टर नाही."

मुलाखतीला सहा दिवस उरले असताना तिनं आईला सांगितलं. शनिवारची संध्याकाळ होती, अप्पा पायरीवर बसून बूट घासत होते.

"मुलाखत सोलापूरलाच आहे. इंजेक्शनवालं रुग्णालय तिथून दोन रस्ते पलीकडं आहे. सकाळी नऊला तू रक्त द्यायचं. अकराला माझी मुलाखत."

"मुलाखत झाल्यावर देते. दुसऱ्या दिवशी. आईची शपथ."

"नाही. आधी."

"एका दिवसानं काय फरक पडतो?"

"मग आधी द्यायला काय हरकत आहे?"

"अगं, रिपोर्ट चार तासांत चढतो खात्यावर! त्याच दुपारी चढेल. यादी लागायच्या आत सगळं त्यांच्यासमोर असेल."

"असू दे."

"दोन वर्षं घासलीस तू त्यासाठी!"

"आणि मुलाखत झाल्यावर तू म्हणशील यादी लागू दे. यादी लागली की म्हणशील पहिलं वर्ष होऊ दे. तू देणार नाहीस, आई. तू घाबरतेस." शिवलीलाला रडू फुटलं. "मीपण घाबरते. रोज सकाळी मी माझे डोळे मोजते. तुला माहीत आहे? तू रक्त दिलं नाहीस तर मी मुलाखतीला जाणार नाही."

सुवर्णाबाई मटकन खाली बसल्या. लेक डोळे मोजते हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी फक्त आपल्यापुरता हिशेब केला होता. निम्म्या शक्यतेचा विचार मनात आला की त्या उठून काहीतरी काम काढत.

पायरीवरून अप्पा बोलले. बूट हातात तसाच होता. "मी चालवेन गाडी. पहाटेच निघू."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"दिसत होतं मला. विचारायचा धीर झाला नाही." ते पुन्हा बूट घासू लागले.

सोलापुरात नऊ वाजून दहा मिनिटांनी सुवर्णाबाईंच्या हातातून रक्त काढलं. काढणारी मुलगी नवीन होती, तिला शीर सापडेना. "इथं, जरा खाली," सुवर्णाबाईंनीच बोट ठेवून दाखवलं. कागदावर सही करताना त्यांचा हात इतका हलला की नाव ओळीबाहेर गेलं. शिवलीला शेजारी उभी होती. त्या कागदावर तिच्यासाठीही एक जागा होती: 'नातेवाइकाची चाचणी हवी आहे का?' तिनं तिथं काहीच लिहिलं नाही.

अकराला दहा कमी असताना मुलाखत केंद्रात तिच्यासमोर अर्ज आला. चौदाव्या रकान्यात तीन चौकोन होते. आहे. नाही. माहीत नाही. तिसऱ्यावर खूण करणारा आजवर तिनं ऐकला नव्हता. क्लासमध्ये सर सांगायचे, तिसऱ्यावर खूण म्हणजे स्वतःहून प्रश्न ओढवून घेणं. लेखणी 'नाही'वर नेली तर कुणी तिला दोष देणार नव्हतं. तळहाताचा घाम कागदाला लागला. तिनं तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि कागद पटकन उलटा ठेवला.

आत तीन परीक्षक होते, तिघांच्याही डोळ्यांवर तेच जाड काड्यांचे चष्मे. मधल्या बाईंच्या समोर 'डॉ. नफीसा सय्यद' अशी पाटी होती. पहिले काही प्रश्न ठरल्यासारखे झाले. गावातल्या पाण्याबद्दल, लस नको म्हणणाऱ्या बापाशी कसं बोलशील त्याबद्दल. काचेच्या कडेला ठिपका लुकलुकायचा आणि शिवलीलाची नजर जायची. दर वेळी जायची. तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मग डॉ. सय्यदांनी कागद पुढे ओढला. "चौदावा. 'माहीत नाही' म्हणजे? आईला विचारलं नाहीस?"

"विचारलं, मॅडम. आज सकाळी नऊला तिनं रक्त दिलंय. हंटिंग्टनसाठी. रिपोर्ट यायचाय."

डावीकडचे वयस्क डॉक्टर पाठ टेकून बसले होते, ते पुढे झाले. "निदान झालेलं नसताना 'नाही' लिहायची मुभा आहे, हे ठाऊक होतं?"

"हो, सर."

"मग?"

तिनं क्लासमध्ये पाठ केलेली उत्तरं आठवायचा प्रयत्न केला. या प्रश्नाचं उत्तर कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. "खोटं लिहून मला तुमच्या डोळ्यांकडे बघता आलं नसतं," ती म्हणाली. "तीस गुण त्याचेच आहेत."

उजवीकडचे परीक्षक हसले. डॉ. सय्यद हसल्या नाहीत. "तसंही तू माझ्याकडे बघत नाहीयेस," त्या शांतपणे म्हणाल्या. "सतत ठिपक्याकडे जाते नजर. आलेख माझ्यासमोर आहे. हे तुला भीतीमुळे होतंय, की दुसऱ्या कशामुळे?"

"माहीत नाही," शिवलीला म्हणाली.

"स्वतःची तपासणी करणार?"

"मी रोज सकाळी चष्मा घालून मोजते, मॅडम. आज किती वाढलं, काल किती होतं. तपासणी केली की मोजायचं कारण उरणार नाही. आणि मग..." तिची नजर पुन्हा ठिपक्याकडे गेली. "मग ते खरंच असेल."

डॉ. सय्यदांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझाही काढ," त्या म्हणाल्या. "राहिलेली दहा मिनिटं अशीच बोलू."

नियमांत तसं काही नव्हतं. वयस्क डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. राहिलेल्या दहा मिनिटांत काय बोललो हे शिवलीलाला नंतर नीटसं आठवलं नाही. समोरच्या बाईंचे डोळे काळे होते आणि खाली काळी वर्तुळं होती, एवढं मात्र आठवत राहिलं.

दुपारी सव्वा वाजता, मंडईजवळच्या खानावळीत, सुवर्णाबाईंच्या फोनवर रिपोर्ट आला. ती तीन अक्षरं चव्वेचाळीस वेळा. अप्पांनी भाकरी मोडली होती, ती तशीच ताटात राहिली. सुवर्णाबाईंनी फोन पिशवीत ठेवला आणि शिवलीलाच्या ताटात पिठलं वाढलं. "खा. उपाशी आहेस सकाळपासून," त्या म्हणाल्या. डाव भांड्यावर दोनदा आपटला.

त्यांना पहिलं इंजेक्शन दोन आठवड्यांनी मिळालं.

शिवलीलाला नजरेच्या तीस गुणांपैकी अकरा पडले. फाइल पात्रता समितीकडे गेली. पहिल्या तीन याद्यांत तिचं नाव नव्हतं. तिसऱ्या यादीनंतर गिरवलकर सर स्वतः घरी आले. पुढच्या वर्षीच्या बॅचचं बोलायचं म्हणून आले होते, पण चहा घेऊन तसेच गेले. चौथ्या फेरीत समितीचं पत्र आलं. मधल्या परीक्षक बाईंनी फाइलला दोन पानांचा शेरा जोडला होता, असं नंतर कळलं. प्रवेश मिळाला, थेट नंदुरबारच्या बाजूचं एक नवं कॉलेज. अट एकच: दर वर्षी हालचालींची तपासणी.

कॉलेजात तिनं चष्म्याला हात लावला नाही. तरी सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आत ती पापण्यांमागे बुबुळं हलवून बघायची. चीरफाडीच्या तासाला मास्तरांनी मेंदूचा काप ट्रेमध्ये ठेवला आणि काडीनं एक करडा भाग दाखवला, "इथून हालचालींना लगाम लागतो." सगळे पुढं झुकले. शिवलीला भिंतीला धरून बाहेर आली, नळाखाली तोंड धुतलं, आणि त्याच दिवशी सोलापूरला फोन केला.

स्वतःची चाचणी करायची तर तीनदा जावं लागतं, असा नियम होता. प्रत्येक वेळी समुपदेशक बाई तोच प्रश्न विचारणार: निकाल हवा आहे का? नको म्हटलं की तिथंच थांबायचं. पहिल्या भेटीत तिला हो म्हणायला अर्धा तास लागला. दुसऱ्या भेटीत रक्त दिलं. तिसरी भेट दिवाळीच्या सुट्टीत पडली. सुवर्णाबाईंचं दुसरं इंजेक्शन त्याच आठवड्यात होतं, म्हणून त्याही आल्या होत्या.

"मी येऊ आत?" त्यांनी विचारलं.

"नको."

आत समुपदेशक बाईंनी दार लावलं, पाण्याचा पेला पुढं केला आणि प्रश्न विचारला. ती हो म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा सुवर्णाबाई बाकावर सरळ बसून होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर घट्ट. त्यांची मान हलली, पापण्या मिटल्या, आणि मग त्यांनी लेकीकडे बघितलं. चार महिन्यांत ते वाढलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आता बहुधा इथंच थांबेल.

शिवलीला त्यांच्याशेजारी बसली. सुवर्णाबाईंनी वाट बघितली. तीस वर्षं त्यांनी वॉर्डाबाहेरच्या बाकांवरच्या माणसांना पाहिलं होतं.

"किती?" अखेर त्यांनीच विचारलं.

"त्रेचाळीस."

कॉरिडॉरमधून एक ट्रॉली खडखडत गेली. सुवर्णाबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांची थरथर आता दोघींच्या हातांत होती. त्या रडल्या नाहीत. दोन-तीन वेळा श्वास आत ओढला, जड वस्तू उचलायच्या आधी ओढतात तसा.

"माझ्याहून एकानं कमी आहे," त्या म्हणाल्या. आणि मग सिस्टरच्या आवाजात, "पहिलं इंजेक्शन कधी म्हणाले?"

"हवं तर परवा. तुझ्याबरोबरच."

"परवाच घे. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं. टोचताना पाठ मांजरासारखी गोल करायची, अजिबात ताठ व्हायचं नाही. नंतर दोन तास उशी घ्यायची नाही, डोकं दुखतं." त्या उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि नोंदणीच्या खिडकीकडे निघाल्या. "चल, दोन खाटा शेजारी मागून घेऊ."